जुन्या घरगुती संगणकांची आधुनिक पडद्याशी जोडणी व लॅग

१९८० च्या दशकातील घरगुती संगणक आजच्या सपाट पडद्याला जोडताना चित्र रेखीव मिळावे आणि कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत लागणारा विलंब, म्हणजे लॅग, कमीत कमी राहावा, यासाठी वापरली जाणारी तंत्रे. बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम व कमोडोर ६४ (दोन्ही १९८२) आणि अमिगा ५०० (१९८७) ही यंत्रे काचेच्या चित्रनलिकेचा टीव्ही किंवा तशाच मॉनिटरसाठी घडवली होती. लॅग हा या यंत्रांचा दोष असल्याचा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. बराचसा लॅग नंतरच्या उपकरणांत, चित्र साठवून ठेवल्यामुळे तयार होतो.

पाल या रंगीत टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि त्या दोन फील्डमध्ये, म्हणजे एकाआड एक रेषांच्या अर्ध्या चित्रांमध्ये, विभागून सेकंदाला ५० फील्ड या गतीने पाठवल्या जातात. प्रत्येक फील्डच्या वाट्याला ३१२.५ रेषा येतात आणि त्या अर्ध्या रेषेमुळेच दुसऱ्या फील्डच्या रेषा पहिल्याच्या रेषांमध्ये जाऊन बसतात. स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांनी ही अर्धी रेषा गाळून पूर्ण ३१२ रेषांचे चित्र पाठवले, त्यामुळे प्रत्येक फील्ड त्याच जागी उमटते व चित्र स्थिर दिसते. चित्रनलिकेला हा बदल सहज चालला. आजचे अनेक टीव्ही आणि स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डब्या मात्र या संदेशाला इंटरलेस, म्हणजे दोन फील्ड एकमेकांत गुंफणारे, प्रसारण समजतात, पुढच्या फील्डची वाट पाहतात आणि दोन वेगवेगळ्या क्षणांची चित्रे एकत्र विणतात. परिणामी हलत्या आकृतीच्या कडा दातेरी होतात आणि लॅगही वाढतो. अशा डब्या खेळांसाठी टाळलेल्याच बऱ्या.

साठवणुकीची किंमत आकड्यांतून स्पष्ट होते. पालमधील एक रेषा ६४ मायक्रोसेकंदांत, तर या यंत्रांची ३१२ रेषांची फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, सुमारे २० मिलिसेकंदांत येते. टीव्हीने चार फ्रेम अडवून ठेवल्या तर ८० मिलिसेकंद गेले, आणि उडी मारायच्या खेळात एवढा उशीर हाताला लगेच जाणवतो. अर्थात मूळ यंत्रातही थोडी प्रतीक्षा असतेच: चित्र वरून खाली रेखाटायला वेळ लागतो, शिवाय स्पेक्ट्रमच्या रॉममधील, म्हणजे कायमस्वरूपी स्मृतीतील, प्रोग्रॅम कळफलक सेकंदाला ५० वेळाच तपासतो. खेळ रचणाऱ्यांनी ही प्रतीक्षा धरूनच खेळ रचले होते. त्यात नव्याने पडणारी भर तेवढी टाळायची असते.

त्यासाठीचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे रेषा दुप्पट किंवा अनेकपट करणे. ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर हे उपकरण पूर्ण फ्रेम न साठवता आलेली रेषा लगेच अनेकदा पाठवते, त्यामुळे त्याने घातलेली भर मिलिसेकंदाच्याही आत राहते. याची दुसरी बाजू अशी की बाहेर जाणारा संदेश मूळ यंत्राच्या गतीनेच चालतो आणि ही गती प्रमाणित नसते. ४८ के स्पेक्ट्रम सेकंदाला सुमारे ५०.०८ फ्रेम देतो, पाल कमोडोर ६४ सुमारे ५०.१२. काही टीव्ही असा संदेश स्वीकारतच नाहीत. उलट फ्रेम साठवून नेमक्या ५० च्या गतीने पाठवली, तर स्पेक्ट्रमची साधारण दर साडेबारा सेकंदांनी एक फ्रेम गाळावी लागते. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर तर प्रत्येक पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि सरकणारे दृश्य अडखळते. म्हणून पडदा विकत घेण्यापूर्वी तो ५० हर्ट्‌झ स्वीकारतो का, हे पाहणे त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचे आहे.

अमिगासाठी याहून नेटका मार्ग आहे. त्यातील डेनिस ही चिप प्रत्येक मूळ रंगासाठी चार बिट, म्हणजे एकूण ४,०९६ रंगछटा, अंकीय स्वरूपात बाहेर देते. आरजीबी-टू-एचडीएमआय हे रास्पबेरी पाय झीरोवर चालणारे, मूळचे बीबीसी मायक्रोसाठीचे साधन डेनिसच्या सॉकेटमध्ये बसवले की हे आकडे थेट वाचले जातात. अ‍ॅनालॉग टप्पा, आणि त्याबरोबर येणारा गढूळपणा, उरतच नाही. जेनलॉक, म्हणजे दोन संदेशांचा ताल जुळवण्याच्या सोयीमुळे, एचडीएमआयची गती संगणकाच्या गतीशी बांधता येते. अमिगाच्या इंटरलेस चित्राची लुकलुक थांबवण्याची गरज खुद्द कमोडोरलाही जाणवली होती: १९९० च्या अमिगा ३००० मध्ये त्यासाठीचे सर्किट आतच बसवलेले होते.

भारतातही पाल पद्धतच वापरली गेल्याने हे सारे येथील जुन्या यंत्रांना लागू पडते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो वापरले गेले, तर स्पेक्ट्रम प्लस येथे परवान्याखाली डीबी स्पेक्ट्रम या नावाने विकला गेला. ४८ के स्पेक्ट्रमवर फक्त टीव्हीच्या अँटेनासाठीची जोडणी असते. चित्राचा संदेश टीव्ही वाहिनीच्या लहरीवर चढवणारा मॉड्युलेटर वगळून त्यातून कॉम्पोझिट, म्हणजे एकाच तारेतून जाणारा चित्रसंदेश काढणे हा त्यावरचा सर्वांत सोपा आणि पहिल्यांदा करण्याजोगा बदल होय.

कोणतेही उपकरण वापरले तरी टीव्हीचा गेम मोड सुरू करणे आवश्यक असते, कारण चित्र सुधारणाऱ्या प्रक्रिया त्यामुळे बंद होतात किंवा कमी होतात. लाइट पेन आणि लाइट गन मात्र लॅग कितीही घटवला तरी सपाट पडद्यावर चालत नाहीत; इलेक्ट्रॉन किरण पडद्यावरील त्या बिंदूवरून नेमका केव्हा गेला यावरून ती साधने जागा ओळखतात, आणि सपाट पडद्यात तो किरणच नसतो.