बाळंतपणातला रक्तस्राव ते जिवाणूंची जनुकं : बेळगावची वाट

सूक्ष्मजीव आणि जनुकांच्या अभ्यासाकडे बेळगाव पोहोचलं ते बाळंतिणीच्या रक्तस्रावापासून. जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज इथे १९६३ साली सुरू झालं, पण जगाने दखल घ्यावी असं काम झालं ते जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीला फ्रीज लागत नाही. मग घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला ही गोळी नर्सबाईंनीच दिली तर? बेळगाव जिल्ह्यात १,६२० बायकांवर हे तपासलं गेलं. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी नर्सबाईंवर टाकलेला विश्वास, हीच मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढे अकाली प्रसूती टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिनची चाचणी झाली. त्यानंतर अ‍ॅझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची, म्हणजे जिवाणू मारणाऱ्या औषधाची : सात देशांतल्या २९ हजारांवर बायकांना कळा सुरू झाल्यावर एकच मात्रा दिली गेली, कुणाला औषधाची, कुणाला औषध नसलेली. बेळगाव आणि नागपूरच्या बायकाही त्यात होत्या. २०२३ चा निष्कर्ष : आईला सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला गंभीर जंतुसंसर्ग, होण्याचं किंवा मृत्यूचं एकत्रित प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र तसा फायदा दिसला नाही.

सूक्ष्मजीवांचा प्रश्न इथेच उभा राहतो. प्रतिजैविक उपकारक जिवाणूंनाही मारतं आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. ते ओळखायचे, तर स्वॅबमधला, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यातला, डीएनए वाचून संगणकावर आधीच्या नोंदींशी ताडून पाहावा लागतो.

या नोंदी कुणाच्या? योनीमार्गातल्या जिवाणूंचे पाच गट मांडणारा २०११ चा गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या ३९६ बायकांवरचा होता. चार गटांत लॅक्टोबॅसिलस या उपकारक जिवाणूंचं राज्य, पाचव्यात नाना जिवाणू. आणि या पाचव्या गटातही तक्रार नसलेल्या बायका होत्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आरोग्य केंद्रात आलेल्या बाईचा अहवाल अशा नोंदींवर बेतणं मला पटत नाही. औषधांच्या चाचण्यांत या जिल्ह्यातल्या मराठी-कन्नड बायका मोजल्या गेल्या. निरोगी कुणाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या नोंदींतही त्या हव्यात, आणि त्यांचं विश्लेषण करणारे हात बेळगावातच तयार व्हायला हवेत.