छायाचित्राची काटछाट (क्रॉपिंग)

टिपलेल्या छायाचित्राच्या कडा आत घेऊन त्याची चौकट नव्याने ठरवण्याच्या क्रियेला काटछाट किंवा रूढ भाषेत क्रॉपिंग म्हणतात. नको असलेला भाग काढून टाकणे एवढाच तिचा हेतू पुष्कळदा समजला जातो. परंतु चौकट बदलली की आतील प्रत्येक वस्तूचे कडांपासूनचे अंतर आणि भोवतालच्या मोकळ्या जागेशी असलेले प्रमाण बदलते, आणि त्याबरोबर चित्राची रचना व भावही पालटतात.

अमेरिकन छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे काढलेले संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की यांचे व्यक्तिचित्र पाहिले म्हणजे हे चटकन ध्यानात येते. मूळ निगेटिव्हमध्ये भोवतालची जागा बरीच अधिक होती. न्यूमन यांनी ती कापून आडवी चौकट ठेवली. या चौकटीचा बहुतेक भाग ग्रँड पियानोच्या उघड्या, काळ्याभोर झाकणाने व्यापला असून डोक्याला हात टेकलेले स्ट्राविन्स्की डाव्या खालच्या कोपऱ्यात दिसतात. झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलिपीतील ‘फ्लॅट’ म्हणजे कोमल स्वराच्या चिन्हाशी जुळतो, आणि आजूबाजूचे काही उरले नसल्यामुळे तो आकार डोळ्यांत भरतो. व्यक्तिचित्रात चेहरा मोठा हवा, हा समज येथे पार मागे पडला आहे. ‘हार्पर्स बझार’ या मासिकासाठी काढलेले हे छायाचित्र मासिकाने नाकारले होते. आज ते न्यूमन यांचे सर्वांत प्रसिद्ध काम मानले जाते.

चौकट आवळली की जवळीक वाढते, कधी घुसमटही जाणवते. मोकळी जागा राखली की एकांत किंवा शांतता येते. खाडीतल्या एकट्या होडीच्या छायाचित्रात वरचे आकाश कापले तर नजर होडीवर, वल्ह्यावर आणि वल्हवणाऱ्याच्या हातांवर जाते. तेच आकाश ठेवून होडी खालच्या कडेजवळ आणली तर ती इवलीशी आणि एकाकी वाटू लागते. माणूस ज्या दिशेने पाहतो त्या बाजूला थोडी जागा सोडण्याचा प्रघात आहे. ती मुद्दाम तोडल्यास अस्वस्थता उत्पन्न होते, आणि कधी तीच हवी असते. मनगट, कोपर किंवा गुडघा नेमक्या सांध्यावर कापला गेला तर अवयव तुटल्यासारखा दिसतो, म्हणून कड सांध्याच्या वर किंवा खाली घेतात.

डार्करूमच्या म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्मवरून छायाचित्रे छापण्याच्या काळात कॉन्टॅक्ट शीटवर (निगेटिव्हच्याच आकाराची छोटी छायाचित्रे एकत्र छापलेल्या कागदावर) मेणाच्या पेन्सिलीने चौकट आखत, अथवा काटकोनात कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे प्रिंटवर सरकवून कडा ठरवत. पुठ्ठ्याची ही युक्ती आजही शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण तीत डोळा आधी ठरवतो आणि हात मागून चालतो. संगणकावर हे काम क्षणात होते व मूळ फाइल जपून ठेवल्यास केव्हाही फिरवता येते. मात्र किंमत पिक्सेलमध्ये मोजावी लागते. ६००० × ४००० पिक्सेलच्या चित्राची लांबी व रुंदी निम्मी केली तर २४ मेगापिक्सेलऐवजी ६ मेगापिक्सेलच उरतात, आणि इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने छपाईची लांबी २० इंचांवरून १० इंचांवर येते. शिवाय कॅमेरा जेथे होता तेथून दिसणारे यथादर्शन, म्हणजे जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परांशी दिसणारे प्रमाण, काटछाटीने बदलत नाही. जवळ जाऊन टिपण्याची उणीव ती भरून काढू शकत नाही.

काटछाटीने संदर्भही जातो. क्यूबाचे छायाचित्रकार आल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे, ‘ला कूब्र’ जहाजावरील स्फोटातील मृतांच्या शोकसभेत, क्रांतिकारक चे गेव्हारा यांचे छायाचित्र टिपले. मूळ आडव्या चित्रात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाची पाने आहेत. ती वगळल्यावर शोकसभेचे स्थळ व प्रसंग नाहीसा झाला आणि उरलेला चेहरा जगभर भित्तिपत्रकांवर पोहोचला. वृत्तछायाचित्रणात काटछाट सामान्यतः मान्य आहे. घटनेचा अर्थ फिरवणारी काटछाट मात्र दोषार्ह मानली जाते.

काही छायाचित्रकारांना ही क्रियाच मान्य नव्हती. रचना शटर दाबतानाच पूर्ण झाली पाहिजे, असा आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह होता. तरीही पॅरिसच्या सें-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी घेणाऱ्या माणसाचे १९३२ मधील त्यांचे गाजलेले छायाचित्र कापूनच छापले जाते, कारण ते कुंपणाच्या फटीतून टिपताना फळीचा काही भाग डाव्या कडेला आला होता.