सावली आणि अँबियंट ऑक्लुजन: दोन वेगळे काळोख
धाब्याच्या घराचं थ्रीडी मॉडेल रेंडर केलं, म्हणजे संगणकाकडून त्याचं चित्र काढून घेतलं, की सज्जाखाली एक काळोख दिसतो, कोनाड्यात दुसरा. पहिला बहुतेक वेळा सावली, दुसरा अँबियंट ऑक्लुजन, म्हणजे एओ. दिसायला सारखे, हिशेब निराळा.

सावलीसाठी बिंदूपासून सूर्याकडे किरण सोडतात. वाटेत काही आडवं आलं तर बिंदू सावलीत. एओला सूर्य कुठे आहे याचं देणंघेणं नाही. तो बिंदूवरच्या अर्धगोलात चहूकडे किरण सोडतो आणि ठरावीक अंतरात किती अडले ते मोजतो.

फरक तपासायला जळगावचं ऊन उत्तम. गाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे 25 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सॉफ्टवेअरमधला सूर्याचा दिवा, म्हणजे सनलाइट, तसा सरळ खाली वळवा: अंगणातल्या उभ्या खांबाची सावली नाहीशी होईल. बुडाशी तरीही मळकट कडा उरली तर ती एओची.

एओ फक्त आभाळाच्या प्रकाशाला गुणायचा. पुष्कळ जण तो शेवटी अख्ख्या चित्रावर मल्टिप्लाय करतात. मग रखरखीत उन्हातल्या पायरीचा कोपराही काजळी धरल्यासारखा दिसतो. ब्लेंडरमधल्या सायकल्ससारख्या पाथ ट्रेसरमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या वाटा किरणांनी शोधणाऱ्या रेंडररमध्ये, आभाळाचा प्रकाश अडणं आपोआप मोजलं जातं, तिथे वरून एओ चढवला तर काळोख दोनदा लागतो. घरातल्या खोलीसाठी एओचं अंतर 0.3 ते 0.5 मीटर पुरतं; मात्र मिलिमीटरमधलं मॉडेल स्केल न बदलता आणलं तर 0.3 म्हणजे केसाएवढं, आणि एओ गायबच. 2007 च्या क्रायसिस या गेमपासून गेममध्ये रुळलेला स्क्रीन स्पेस एओ फक्त पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर (डेप्थ) वाचतो, म्हणून खांबामागच्या लांबच्या भिंतीवरही काळी किनार उमटते.

सावलीचे दोष वेगळे. सूर्य आभाळात सुमारे 0.53 अंशाचा दिसतो; तो डोक्यावर असताना 3 मीटर उंच सज्जाची सावली कडेला जेमतेम 2.8 सेंटिमीटर विरळ होते. सनलाइटचा कोन 5 अंश ठेवला तर 26 सेंटिमीटर, आणि खानदेशी उन्हाचा चटकाच जातो. शॅडो मॅपमध्ये, म्हणजे दिव्याच्या जागेवरून अंतरं नोंदवून सावली काढायच्या पद्धतीत, बायस (तुलनेत सोडलेली थोडी सूट) कमी पडला तर उन्हातल्या भिंतीवर पट्टे येतात, जास्त झाला तर सावली खांबाच्या बुडापासून सुटते. ही फट झाकायला सर्रास एओ वाढवतात. तसं न करता एओ बंद करून आधी बायस बसवा, सावली बुडाला चिकटली की मगच एओ चालू करा.