इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म निवडण्याआधी : सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांतील जोडकामाची पार्श्वभूमी

कुपवाड, मिरज, सातारा किंवा शिरवळ येथील औद्योगिक वसाहतींतल्या मध्यम आकाराच्या कारखान्यात आज चार-पाच संगणक प्रणाली एकाच वेळी चालू असतात. हिशेब टॅलीत, उत्पादन आणि भांडार एखाद्या ईआरपीत (अनेक विभागांची कामे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), हजेरी व पगार तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, मोठ्या ग्राहकाचे शेड्यूल त्याच्या व्हेंडर पोर्टलवर आणि मालवाहतुकीचे ई-वे बिल व विक्रीचे ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवर, अशी ही विभागणी असते. या प्रणालींमधली माहिती कोणीही पुन्हा टाइप न करता इकडून तिकडे जावी, यासाठी क्लाउडवरचा इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न आता आयटी विभागापुरता न राहता मालकाच्या टेबलावर येऊ लागला आहे. विक्रेते त्याचे उत्तर तयार कनेक्टरांची, म्हणजे ठरावीक प्रणालींसाठी आधीच लिहून ठेवलेल्या जोडण्यांची, संख्या आणि महिन्याचे भाडे यांत देतात. जोडकामाचा इतिहास मात्र असे दाखवतो की प्रत्येक नव्या पद्धतीने आधीची अडचण सोडवली, ती बहुतेक वेळा दुसऱ्या जागी हलवून. ती अडचण आपल्याला कोणत्या जागी पेलेल, हे ठरवणे म्हणजेच ही निवड.

दोन कंपन्यांच्या संगणकांनी एकमेकांचे कागद वाचावेत, ही गरज प्रथम वाहतूक व्यवसायात जाणवली. अमेरिकेत १९६८ मध्ये वाहतूकदारांची समन्वय समिती स्थापन झाली, १९७९ मध्ये अशा कागदांच्या नमुन्यांसाठी एक्स-१२ या मानकाचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एडिफॅक्ट हे मानक आले. युरोपातील वाहन उद्योगाने १९८४ पासून ओडेट या संघटनेद्वारे आपले वेगळे नमुने ठरवले. ईडीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत पुरवठादाराला फारसा पर्याय नसतो, कारण कागदाचा नमुना ग्राहक ठरवतो आणि आपली माहिती त्या नमुन्यात बसवण्याचा खर्च पुरवठादार सोसतो. वाहनांचे सुटे भाग निर्यात करणाऱ्या येथील कारखान्यांना हे नवे नाही. परदेशी ग्राहकाकडून येणारे डिलिव्हरी शेड्यूल आजही अनेकदा याच वळणाचे असते, आणि म्हणून क्लाउड प्लॅटफॉर्म पाहताना त्यात ईडीआयची सोय मूळ भाड्यात आहे की वेगळे पैसे मोजून, हे आधी विचारणे शहाणपणाचे ठरते.

कारखान्याच्या आतली गोष्ट वेगळी होती. एसएपी कंपनीचे आर-३ हे ईआरपी १९९२ मध्ये बाजारात आले आणि एकच मोठी प्रणाली घेतली की जोडण्याचा प्रश्नच उरणार नाही, असा समज त्या दशकात पसरला. तो टिकला नाही, कारण कोणतीही कंपनी सगळी कामे एकाच सॉफ्टवेअरमध्ये करत नाही. मग प्रोग्रामरकडून दोन-दोन प्रणाली थेट जोडून घेण्याची पद्धत रूढ झाली. तिचे गणित मात्र लवकर हाताबाहेर जाते : प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येकीशी जोडायची म्हटली, तर पाच प्रणालींना १० जोडण्या लागतात आणि दहा प्रणालींना ४५. शिवाय प्रत्येक जोडणीतले नियम ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतात आणि तो पुण्याला नोकरीसाठी निघून गेला की तेही त्याच्याबरोबर जातात.

यावर उपाय म्हणून मध्यस्थ सॉफ्टवेअर आले. आयबीएमचे एमक्यूसिरीज १९९३ चे, वेबमेथड्स कंपनी १९९६ ची आणि मायक्रोसॉफ्टचा बिझटॉक सर्व्हर २००० चा. सगळ्या प्रणालींनी एकाच मध्यस्थाशी व्यवहार करावा, ही यामागची कल्पना चांगली होती. परंतु त्यासाठी लागणारे सर्व्हर, परवाने आणि तज्ज्ञ यांचा खर्च बँका व मोठ्या उद्योगसमूहांनाच झेपणारा होता. येथील लघुउद्योगांपर्यंत ही पिढी फारशी पोहोचलीच नाही, आणि थेट एक्सेलवरून क्लाउडवर येण्याची वेळ त्यांच्यावर आली, ती त्यामुळेच.

क्लाउडची वाट मोकळी केली ती माहितीच्या खुल्या नमुन्यांनी. माहिती लिहिण्याच्या एक्सएमएल या नमुन्याचे पहिले मानक फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात वेबवरून प्रणालींनी एकमेकींशी बोलण्याची रेस्ट ही रचना मांडली. त्यानंतर एपीआयद्वारे म्हणजे ठरलेल्या दारातून साध्या इंटरनेटवर माहिती मागता व देता येऊ लागली. बूमी, म्यूलसॉफ्ट आणि स्नॅपलॉजिक या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म देणाऱ्या कंपन्या याच काळात उभ्या राहिल्या. झॅपियर २०११ मध्ये आली आणि प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही दोन सेवा जोडता येतात हे तिने दाखवले. मायक्रोसॉफ्टचे अझ्युर लॉजिक अ‍ॅप्स २०१६ पासून सर्वांसाठी खुले झाले. जोडणीचे नियम पडद्यावर चौकोन आणि बाण यांनी मांडायचे, चालवण्याची जबाबदारी विक्रेत्याची आणि पैसे वापरानुसार, हे या पिढीचे सामायिक रूप आहे.

आपल्याकडे मात्र या विषयाला खरी गती बाजाराने दिली नाही, ती कर प्रशासनाने दिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल आले. ई-इन्व्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांवरील उलाढालीच्या कंपन्यांना बंधनकारक झाले. मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली : जानेवारी २०२१ मध्ये १०० कोटी, एप्रिल २०२१ मध्ये ५० कोटी, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. या शेवटच्या दोन टप्प्यांत औद्योगिक वसाहतींतले असंख्य यंत्रकाम करणारे आणि फौंड्रीवाले एकदम कक्षेत आले. बिलाची माहिती जेसन या नमुन्यात पोर्टलला पाठवायची, तिथून ६४ अक्षरांचा संदर्भ क्रमांक व क्यूआर कोड परत घ्यायचा आणि तो बिलावर छापूनच गाडी गेटबाहेर काढायची, हा क्रम आहे. सुरुवातीला अनेकांनी सरकारने दिलेल्या एक्सेल साधनातून फाइल तयार करून हाताने चढवली. दिवसाला पाच-दहा बिले असतील तर ते आजही पुरते, आणि अशा कारखान्याला प्लॅटफॉर्मची गरज नाही हे कोणीतरी त्याला स्पष्ट सांगायला हवे.

बिले वाढली की चुकांची किंमतही वाढते. पोर्टलवर ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आतच रद्द करता येते. त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढाल असणाऱ्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत त्याची पोर्टलवर नोंदणी करणे सक्तीचे आहे. पोर्टल बंद असताना प्लॅटफॉर्म किती वेळा पुन्हा प्रयत्न करतो, तेच बिल दोनदा जाऊ नये याची काळजी कशी घेतो आणि अडकलेल्या बिलांची यादी हिशेबनिसाला दिसते की केवळ विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला, या बाबींना कनेक्टरांच्या संख्येपेक्षा अधिक वजन द्यायला हवे.

येथील बहुतेक जोडण्यांचे एक टोक टॅली असते. टॅलीची कंपनी १९८६ ची, म्हणजे क्लाउडच्या कितीतरी आधीची, आणि तिचे सॉफ्टवेअर मुख्यतः कार्यालयातल्या संगणकावर चालत आले आहे. बाहेरून माहिती घेण्या-देण्याची सोय त्यात आहे, ती एक्सएमएलद्वारे आणि सामान्यतः ९००० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारातून; पण त्यासाठी टॅली उघडे आणि संबंधित कंपनीचे खाते त्यात सुरू असावे लागते. संध्याकाळी संगणक बंद करून हिशेबनीस घरी गेला की क्लाउडवरचा प्लॅटफॉर्म कितीही महागडा असो, रात्रपाळीतली डिस्पॅचची नोंद सकाळपर्यंत अडून राहते. म्हणून कारखान्याच्या आत बसवायचा छोटा एजंट प्रोग्राम प्लॅटफॉर्मकडे आहे का आणि इंटरनेटची लाइन गेल्यावर तो नोंदी रांगेत साठवून नंतर क्रमाने पाठवतो का, याची चाचणी कारखान्यातच घ्यावी. विक्रेत्याच्या दिवाणखान्यात ती नेहमीच यशस्वी होते.

साखर कारखान्यांची गरज याहून गुंतागुंतीची आहे. शेतकी विभागाची ऊसनोंद, तोडणी-वाहतुकीचे करार, वजनकाट्यावरची नोंद, ऊसबिल, त्यातून होणारी सोसायटीच्या कर्जाची वसुली आणि उरलेली रक्कम बँकेतल्या खात्यावर, अशी ही साखळी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, अन्यथा वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. त्यामुळे काट्यावरची नोंद बिलापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा थेट पैशांचा विषय आहे. हे सारे काम गाळप हंगामाच्या काही महिन्यांत एकवटते. वर्षभराचे ठरावीक भाडे घेणारा प्लॅटफॉर्म येथे पावसाळ्यातही पैसे खातो, तर प्रत्येक नोंदीमागे आकारणी करणारा जानेवारीत अंदाजपत्रक मोडतो. झॅपियरसारख्या सेवा प्रत्येक कृतीमागे मोजतात, म्यूलसॉफ्टने दीर्घकाळ संगणकीय क्षमतेनुसार पैसे घेतले, तर इतर काहींकडे जोडणीमागे दर असतो. गेल्या हंगामातल्या खेपांच्या आकड्यावरून हिशेब मांडल्याखेरीज हे दर एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

कायद्याची बाजू अलीकडची आहे. अझ्युरने २०१५ मध्ये पुण्यासह तीन ठिकाणी आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत डेटा केंद्रे सुरू केल्याने माहिती देशात ठेवणे सोपे झाले, आणि कंपन्यांच्या हिशेबवह्यांची रोजची प्रत भारतातील सर्व्हरवर असावी, असा नियम २०२२ पासून आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणेही सक्तीचे झाले. येथे प्लॅटफॉर्ममुळे एक नवी अडचण निर्माण होते : त्याने टॅलीत केलेल्या सगळ्या नोंदी एकाच वापरकर्त्याच्या नावावर पडतात, आणि मूळ नोंद गेटवरच्या कोणत्या माणसाने केली, हे लेखापरीक्षकाला त्या मागातून कळत नाही. मूळ प्रणालीतला वापरकर्ता आणि चलन क्रमांक नोंदीच्या तपशिलात पाठवण्याची व्यवस्था पहिल्या दिवशीच करून घ्यावी लागते.

राहिला मालकीचा मुद्दा. बूमी २०१० मध्ये डेलकडे गेली आणि २०२१ मध्ये दोन गुंतवणूक कंपन्यांना विकली गेली. म्यूलसॉफ्ट २०१८ मध्ये सेल्सफोर्सने घेतली. वेबमेथड्स २००७ मध्ये सॉफ्टवेअर एजीकडे आणि २०२४ मध्ये आयबीएमकडे गेले. मालक बदलला की दर आणि प्राधान्ये बदलू शकतात, आणि एका प्लॅटफॉर्मवर मांडलेला जोडणीचा प्रवाह दुसऱ्यावर आहे तसा चालत नाही. त्यामुळे कोणत्या प्रणालीतला कोणता रकाना कोठे जातो, एककांचे व कर-दरांचे रूपांतर कोणत्या नियमाने होते आणि चूक झाल्यास कोणाला कळवायचे, याचा तक्ता प्लॅटफॉर्मच्या बाहेर, साध्या फाइलमध्ये आणि कारखान्याच्या ताब्यात राहील, अशी अट करारात घालून घेतली पाहिजे. जोडकाम करणारी एजन्सी तो तक्ता प्रकल्प संपल्यावर देऊ म्हणते. तो शेवटच्या हप्त्याआधी घ्यावा आणि नियम बदलेल तेव्हा अद्ययावत करण्याचे काम हिशेब विभागातल्या एका नेमक्या माणसाकडे सोपवावे.