चढउताराचं जंगल

कोस्टा रिका आणि पनामा या दोन चिमुकल्या देशांच्या सीमेवर तालामांका नावाची डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्यावरचं जंगल दोन्ही देश मिळून राखतात. त्याचं नाव ला आमिस्ताद आंतरराष्ट्रीय उद्यान. कोस्टा रिकाने आपला भाग १९८२ मध्ये राखीव केला, पनामाने १९८८ मध्ये. दोन्ही भाग मिळून क्षेत्रफळ सुमारे चार हजार चौरस किलोमीटर भरतं. लगतची राखीव जंगलं धरून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

पण या जंगलाचं खरं माप लांबीरुंदीत नाही, उंचीत आहे. याच वारसाक्षेत्रातलं चिरिपो शिखर ३,८२० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आणि तिथून अटलांटिकच्या बाजूचा कॅरिबियन समुद्र आणि प्रशांत महासागर, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आत! पायथ्याशी दमट, घामट रान. माथ्यावर हिमयुगातल्या हिमनद्यांनी कोरलेली तळी, खुरटी झुडपं आणि रात्री गोठणारं पाणी.

मधल्या पट्ट्यात ढगांचं राज्य आहे. सह्याद्रीत नैर्ऋत्य मोसमी वारे चार महिने जे काम करतात, ते इथे कॅरिबियनवरून येणारे व्यापारी वारे बहुतेक वर्षभर करतात. ओली हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते आणि तिचे ढग होतात. पाऊस नसतानाही पानापानांवर धुक्याचे थेंब जमून खाली ठिबकत राहतात. तीस-चाळीस मीटर उंच ओकच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड थर चढतात. त्यात कुजलेल्या पानांची माती साठते आणि तिच्यात ऑर्किड, नेचे, अननसाच्या कुळातले ब्रोमेलिया वाढतात. अशा मेघवनांतली काही झाडं तर स्वतःच्या फांदीलाच मुळं फोडतात आणि जमिनीपासून कितीतरी उंचावर साठलेल्या त्या मातीतून अन्न घेतात.

इथे उत्तर आणि दक्षिण अमेरिका एकमेकींना भेटल्या, त्यामुळे पाहुणेही दोन्हीकडचे. ओक उत्तरेकडून आले, फांद्यांना उलटं लटकणाऱ्या संथ स्लॉथचे पूर्वज दक्षिणेकडून.

या उतारावर राहणारे सगळेच जीव एका जागी मुक्कामाला नसतात. क्वेट्झल हा हिरवाकंच, लांब तुऱ्यासारख्या शेपटीचा पक्षी ढगांच्या पट्ट्यात घरटं करतो. त्याचं आवडतं खाणं म्हणजे रानटी ॲव्होकाडोची छोटी फळं. तो फळ अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी तोंडावाटे बाहेर टाकतो, बहुधा मूळ झाडापासून लांब. या झाडांना वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या महिन्यांत फळं येतात. म्हणून विणीचा हंगाम सरला की बरेच क्वेट्झल फळांच्या मागे डोंगर चढतात-उतरतात. उत्तरेकडे, कोस्टा रिकातल्याच माँटेव्हर्देच्या जंगलात त्यांच्या अंगावर छोटे रेडिओ बसवून माग काढला, तेव्हा ते राखीव हद्द ओलांडून खालच्या खाजगी जमिनींवरच्या रानात जाताना दिसले. दोन देशांची सीमा पाखरांना आड येत नाही; जिथे उद्यान संपून गुरांची कुरणं सुरू होतात, ती रेषा मात्र आड येते. एवढं मोठं जंगल राखूनही त्याचा खालचा टोकाचा तुकडा हद्दीबाहेर राहिला, तर राखण अर्धीच झाली असं मला वाटतं.

नद्यांमध्ये हे आणखी ठळकपणे दिसतं. कॅरिबियनकडे वाहणाऱ्या इथल्या ओढ्यांमध्ये बोटभर लांबीचा गोबी मासा राहतो. अंड्यातून निघालेली त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर थेट समुद्रात वाहून जातात आणि तिथे थोडी मोठी झाली की झुंडीने नदीच्या मुखाशी परततात. मग चढण सुरू. या माशाच्या पोटाखालचे पर जुळून चकतीसारखे झालेले असतात. ती चकती ओल्या खडकाला चिकटवत, अंगाला झटके देत तो धबधब्याचा कडाही चढतो. नदीतल्या मोठ्या कोळंबीचंही असंच आहे: आई गोड्या पाण्यात, पण पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागतं. आपल्या कोकणातल्या नद्यांमधली मोठी कोळंबी याच जातकुळीतली.

वारसाक्षेत्राच्या खालच्या अंगाला, पनामातल्या चांगिनोला नदीवर २०११ मध्ये मोठं जलविद्युत धरण सुरू झालं. शेजारच्या बोनयिक ओढ्यावर आणखी एक झालं. दोन्ही उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत, कागदोपत्री उद्यानाची सीमा मोडलेली नाही. युनेस्कोची वारसा समिती मात्र या धरणांवरून पनामाला वारंवार जाब विचारत आली आहे. वर चढणाऱ्या माशांसाठी काहीतरी वाट करून देता येते. उतरणाऱ्या पिल्लांचं काय करायचं, हा जास्त अवघड प्रश्न आहे. गोबीच्या नवजात पिल्लांना काही दिवसांतच खारं पाणी गाठावं लागतं, आणि धरणाच्या जलाशयात त्यांना पुढे नेणारा प्रवाहच नसतो.