वादळाचा बावटा आणि कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय

समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की कोकणातल्या बंदरांवर ‘तीन नंबरचा बावटा’ लागल्याची बातमी येते. होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात, बाहेर गेलेल्यांची वाट पाहिली जाते. दिवसा शंकू आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे, ही इशाऱ्याची रीत ब्रिटिश काळात आपल्याकडे आली. तिच्या मुळाशी व्हिक्टोरिया राणीच्या आरमारातला एक अधिकारी आहे. त्याचं नाव सहसा चार्ल्स डार्विनच्या चरित्रात, ‘बीगल’ जहाजाचा तापट कप्तान म्हणून, ओझरतं येतं. हा त्याच्यावर अन्याय आहे. रॉबर्ट फिट्झरॉयने आयुष्याच्या उत्तरार्धात जे उभं केलं, त्याने किती दर्यावर्दी वाचले याची मोजदाद होणार नाही.

जन्म ५ जुलै १८०५चा, इंग्लंडातल्या सफक परगण्यातला. घराणं बडं, आजोबा ग्राफ्टनचे ड्यूक, एकेकाळचे पंतप्रधान, आणि वंश थेट दुसऱ्या चार्ल्स राजापर्यंत जाणारा. बाराव्या वर्षी मुलगा पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात दाखल झाला. १८२४ साली लेफ्टनंटच्या परीक्षेत त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले. वशिला होताच, पण लायकीही होती.

‘बीगल’ त्याच्याकडे आलं ते एका शोकांतिकेतून. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, मॅजेलनच्या सामुद्रधुनीत, किनाऱ्याची मोजणी करता करता आधीचा कप्तान प्रिंगल स्टोक्स खचला आणि १८२८च्या ऑगस्टमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या वर्षअखेरीस तेवीस वर्षांच्या फिट्झरॉयला जहाज मिळालं. काही आठवड्यांतच, जानेवारी १८२९मध्ये, प्लाता नदीच्या मुखाजवळ ‘पांपेरो’ नावाच्या झंझावाताने जहाजाला गाठलं. डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडले, दोन खलाशी बुडाले. हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरचा पारा आधीच उतरला होता, पण त्या सूचनेला द्यावं तेवढं महत्त्व दिलं गेलं नाही. माझ्या मते फिट्झरॉयच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची दिशा इथे ठरली. वादळ सांगून येतं, ऐकणारा हवा, ही खूणगाठ त्याने बांधली ती कायमची.

याच सफरीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या टिएरा डेल फ्यूगो बेटांवर त्याची एक होडी चोरीला गेली. तिथल्या चौघांना, त्यांतल्या काहींना ओलीस म्हणून धरून, तो इंग्लंडला घेऊन गेला. त्यांना शिकवावं, ‘सुधारावं’ आणि मायदेशी परत सोडावं असा त्याचा बेत. एक जण देवीच्या रोगाने तिकडेच गेला. उरलेल्या तिघांची भेट राजाराणीशीही घडवण्यात आली. माणसांना त्यांच्या भूमीतून असं उचलून नेणं हे साम्राज्याच्या अहंकाराचंच रूप होतं, आणि फिट्झरॉयचा हेतू प्रामाणिक होता म्हणून ते क्षम्य ठरत नाही. मात्र त्यांना परत पोहोचवण्याचा शब्द त्याने पाळला. दुसऱ्या सफरीमागचं ते एक कारण होतं.

ती दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ला निघाली आणि २ ऑक्टोबर १८३६ला संपली. कप्तानाने जहाजावर कुणाशी बरोबरीने बोलायचं नाही, एकट्याने जेवायचं, अशी आरमाराची शिस्त. स्टोक्सचं काय झालं हे फिट्झरॉयला ठाऊक होतं. शिवाय त्याचे मामा, परराष्ट्रमंत्री लॉर्ड कासलरे, यांनीही १८२२मध्ये आत्महत्या केली होती. ही छाया आपल्यावरही आहे, अशी भीती त्याच्या मनात होती. म्हणून त्याने सोबतीला एक सुशिक्षित गृहस्थ मागितला, आणि बावीस वर्षांचा डार्विन जहाजावर आला. दोघांची मैत्री झाली. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून कडाक्याचं भांडणही झालं आणि मिटलंही.

डार्विनच्या शोधांमुळे सफरीचं मूळ काम झाकलं गेलं. ते होतं किनाऱ्याचे नकाशे काढणं आणि रेखांश नेमके ठरवणं. त्यासाठी जहाजावर २२ क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारी घड्याळं, होते, त्यांतले सहा फिट्झरॉयने स्वतःच्या पैशाने घेतलेले. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाल्यावर सगळ्या वेळांची बेरीज चोवीस तासांपेक्षा अवघी ३३ सेकंदं जास्त भरली. मोजणीचं काम लवकर उरकावं म्हणून त्याने सुमारे १३०० पौंडांना दुसरं गलबत विकत घेतलं. नौदल खात्याने खर्च नाकारला, ते विकावं लागलं, आणि १८३४मध्ये चिलीतल्या वालपारायसो बंदरात तो इतका खचला की त्याने कप्तानपद सोडलं. सहकाऱ्यांनी समजूत घातल्यावर त्याने राजीनामा मागे घेतला. पदरचे पैसे कामात घालायचे आणि वरिष्ठांचा रोष ओढवून घ्यायचा, हे त्याच्या नशिबी पुन्हा पुन्हा आलं.

१८३७मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक, १८४१मध्ये डरहॅममधून खासदारकी, आणि १८४३मध्ये न्यूझीलंडचं गव्हर्नरपद. त्याच वर्षी वायराऊ इथे जमिनीच्या वादातून चकमक होऊन २२ युरोपीय मारले गेले होते. फिट्झरॉयने चौकशी केली आणि चूक वसाहतवाल्यांचीच, असा निर्वाळा दिला. गोरे वसाहतवाले खवळले. तिजोरी रिकामी, सैन्य तुटपुंजं, त्यात उत्तरेत माओरी प्रमुख होने हेके याने इंग्रजांची निशाणकाठी वारंवार तोडून उघड लढाई पुकारली. १८४५मध्ये फिट्झरॉयला परत बोलावलं गेलं. तो मुत्सद्दी नव्हता. पण वायराऊचा तो निर्णय घ्यायला धैर्य लागलं.

१८५०मध्ये त्याने प्रत्यक्ष नौदल सेवा सोडली. चार वर्षांनी ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाने हवामानाच्या नोंदी गोळा करण्यासाठी एक छोटं खातं काढलं आणि ते त्याच्याकडे सोपवलं. काम जहाजांच्या नोंदवह्यांतले आकडे जमवण्याचं. भाकीत करण्याचं नव्हे. त्याने बंदराबंदरांत बॅरोमीटर बसवायला सुरुवात केली, म्हणजे कोळ्यांना निघण्यापूर्वी पारा पाहता येईल.

मग १८५९च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला सोनं आणि प्रवासी घेऊन येणारं ‘रॉयल चार्टर’ वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. साडेचारशेहून जास्त माणसं गेली. बायका-मुलांतलं कुणीही वाचलं नाही. त्या एका वादळात शंभराहून अधिक जहाजं बुडाली. फिट्झरॉयने ठिकठिकाणच्या नोंदी जुळवून दाखवून दिलं की वादळ टप्प्याटप्प्याने सरकत आलं होतं. तारायंत्राचं जाळं तेव्हा पसरलं होतं; तार वाऱ्याच्या आधी पोहोचू शकत होती.

किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून रोज सकाळी लंडनला तारा येऊ लागल्या आणि फेब्रुवारी १८६१मध्ये पहिला वादळाचा इशारा गेला. तार मिळताच बंदरातल्या खांबावर शंकू चढे: टोक वर असेल तर वादळ उत्तरेकडून, खाली असेल तर दक्षिणेकडून. पिंपाची खूण जोडली म्हणजे धोका मोठा. वाचता न येणाऱ्या खलाशालाही दुरून कळेल, असा हा विचार. १ ऑगस्ट १८६१ला ‘टाइम्स’मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला हवामान अंदाज छापून आला.

अंदाज चुकत, आणि चुकले की संसदेत, वर्तमानपत्रांत टिंगल होई. इशारा लागला की होड्या अडून राहतात म्हणून मालक कुरकुरत. शास्त्रज्ञांना यात सिद्धान्त दिसत नव्हता. ढासळती प्रकृती, खर्चून गेलेली मालमत्ता, आणि ज्याला आपणच सफरीवर नेलं त्याच्या उत्क्रांतिवादाने श्रद्धाळू मनाला दिलेला धक्का, सगळं साचत गेलं. ३० एप्रिल १८६५ला, रविवारी सकाळी, व्हाइस-अ‍ॅडमिरल फिट्झरॉयने आपलं आयुष्य संपवलं. कुटुंबासाठी उभारलेल्या निधीत डार्विनने १०० पौंड दिले.

शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनच्या समितीने १८६६मध्ये अंदाजांना शास्त्रीय आधार नसल्याचा अहवाल दिला आणि वर्षअखेरीस वादळाचे इशारेही थांबले. ओरड झाली ती बंदरांतून, समुद्रावर पोट असलेल्या लोकांकडून. त्यांच्या दडपणामुळे इशारे १८६७मध्ये पुन्हा सुरू करावे लागले. वर्तमानपत्रांतले रोजचे अंदाज परत यायला मात्र १८७९ साल उजाडलं.