मोरचुदाचं माप: हिरवं पडलेलं शेततळं आणि पाण्याचा हिशेब

मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट (कॉपर सल्फेट), माहीत नाही असा मोसंबीवाला किंवा द्राक्षबागायतदार मराठवाड्यात सापडायचा नाही. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी चुन्याबरोबर ते घरोघरी आणलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये शेततळं हिरवं पडलं, ठिबकच्या फिल्टरमध्ये शेवाळाचे तंतू अडकू लागले, की हेच निळे खडे तळ्याकडे निघतात. औषधाची निवड चुकीची नाही. शेवाळ मारायला तांब्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही सहसा हाताशी नसतं. चुकतं ते माप. कुणी तळ्याला दोन किलो सांगतं, कुणी पाच. तळ्यात आज पाणी किती आणि ते कसलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तांब्याने शेवाळ मरतं ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी १९०४ साली पाणीपुरवठ्याच्या तलावांमध्ये मोरचूद वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाण्यात सुटा झालेला तांब्याचा आयन शेवाळाच्या पेशीत शिरतो आणि प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडतो. त्यासाठी तांबं लागतं अगदी थोडं. बाजारातल्या मोरचुदात ते वजनाच्या साधारण पाव भाग असतं, बाकी सल्फेट आणि स्फटिकात बांधलेलं पाणी.

खरी गंमत पाण्याच्या जातीत आहे. आपल्याकडचा काळा खडक बेसाल्टचा. त्यातून झिरपून विहिरीत आलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बरोबर घेऊन येतं. अशा पाण्यात टाकलेलं तांबं शेवाळापर्यंत पोचण्याआधीच कार्बोनेटशी बांधलं जातं आणि तळाला बसतं. उलट पावसाच्या मऊ पाण्यात त्याला अडवणारं काहीच नसतं. तेवढंच मोरचूद तिथे शेवाळाबरोबर मासेही मारतं. ऑगस्टमध्ये पावसाच्या पाण्याने भरलेलं प्लास्टिक अस्तराचं तळं आणि पुढे विहिरीच्या पाण्यावर भरत ठेवलेलं तेच तळं, ही तांब्याच्या दृष्टीने दोन वेगळी पाणी आहेत.

हा फरक मोजण्याची खूण म्हणजे पाण्याची अल्कलिनिटी, आम्लाला तोंड देण्याची त्याची क्षमता. मत्स्यशेतीत यासाठी एक साधा नियम वापरतात: अल्कलिनिटी जितके पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) असेल तिला १०० ने भागायचं, येईल तितके पीपीएम मोरचूद टाकायचं. अल्कलिनिटी १५० असेल तर मात्रा दीड पीपीएम, म्हणजे दर घनमीटर पाण्याला दीड ग्रॅम. पन्नासच्या खाली असेल तर मोरचूद वापरायचंच नाही, मासे जगणार नाहीत. अडीचशेच्या वर गेली तर तांबं इतक्या लवकर खाली बसतं की खर्च वाया जातो. अडीच पीपीएम ही वरची मर्यादा धरून चालावं.

अल्कलिनिटीसाठी वेगळी तपासणी करावी लागतेच असं नाही. सिंचनाच्या पाण्याच्या अहवालात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असतात. दोन्हींची बेरीज करून ५० ने गुणली की अल्कलिनिटी मिळते. बेरीज ३ आली तर १५०. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरापासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांपर्यंत माती-पाणी तपासणीची सवय आता बरीच रुजली आहे, पण तो अहवाल खतासाठी पाहिला जातो, तळ्यासाठी नाही. अहवाल ताजा मात्र हवा. मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जातं आणि मागे राहिलेल्याची घडण बदलते. नोव्हेंबरचा कागद तेव्हा उपयोगाचा नाही.

आता पाणी किती ते पाहू. इथेच सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून आकडेच मांडतो. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळं घ्या. लांबी, रुंदी, खोली गुणली तर २,७०० घनमीटर येतात. पण बाजू उतरत्या असतात. एकास एक उतार धरला तर तळ २४ बाय २४ चाच उरतो. वरचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, तळाचं ५७६, दोन्हींची सरासरी काढून खोलीने गुणा: साधारण २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. दीड पीपीएमने मोरचूद लागेल ३.३ किलो.

हेच तळं मे महिन्यात मीटरभर पाण्यावर आलं की पृष्ठभाग २६ बाय २६ चा होतो आणि पाणी उरतं जेमतेम ६२५ घनमीटर. त्याला लागतं ९४० ग्रॅम, किलोभरसुद्धा नाही. पण हिवाळ्यात बसलेला सव्वातीन किलोचा आकडा डोक्यात असतो, तेवढंच पडतं, आणि पाण्यात मोरचूद पाच पीपीएमच्या वर जातं. मर्यादेच्या दुप्पट. म्हणून प्रत्येक वेळी टेप घेऊन त्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठभाग आणि खोली मोजावी. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि सगळी मात्रा त्यावर उभी आहे.

टाकण्याची रीत बोर्डो करणाऱ्याला शिकवावी लागत नाही. लोखंडी भांडं नको, कारण लोखंडावर तांबं चढतं. प्लास्टिकच्या ड्रममध्ये खडे पूर्ण विरघळवून, ते पाणी पंपाने पृष्ठभागावर सारखं फवारायचं. मूठभर खडे फेकले तर ते तळाशी जाऊन तिथेच विरघळतात आणि वरचं शेवाळ तसंच राहतं. उन्हाचा दिवस निवडावा आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सुरुवात करावी. तेव्हा शेवाळ कामाला लागलेलं असतं. दुपारनंतर हेच शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू (पीएच) नऊच्याही वर नेऊ शकतं, मग तांबं झपाट्याने खाली बसतं.

मासे सोडलेल्या तळ्यात तांब्याइतकाच दुसरा धोका असतो, प्राणवायूचा. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, पाणी तापलं की आणखी कमी. दिवसा शेवाळ तो तयार करतं, रात्री स्वतःच वापरतं, त्यामुळे पहाटे तळ्यात तो सर्वांत कमी असतो. एका दिवसात सगळं शेवाळ मारलं तर प्राणवायू बनवणारंही कुणी उरत नाही, आणि कुजणाऱ्या ढिगावर वाढलेले जिवाणू उरलासुरला संपवतात. दोन-तीन दिवसांनी पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागतात. तांब्याची मात्रा अचूक असूनही असं होतं. त्यावर उपाय म्हणजे दाट शेवाळ असलेलं तळं एकदम न घेणं. आधी जमेल तेवढं जाळीने ओढून बाहेर काढावं, मग तळ्याच्या एका भागात, त्या भागातल्या पाण्यापुरतीच मात्रा द्यावी आणि दहा ते चौदा दिवसांनी दुसऱ्या भागाकडे वळावं.

पिण्याच्या पाण्यात मोरचूद टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर त्याने पाम बेटाची घटना जरूर लक्षात घ्यावी. १९७९ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या या बेटावर धरणाच्या पाण्याला वास येतो अशा तक्रारी होत्या, म्हणून त्यात मोरचूद टाकलं. काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यातली १३८ मुलं होती. यकृत सुजलं, उलट्या, मूत्रपिंडांना इजा. पुढच्या तपासात बोट ठेवलं गेलं ते धरणातल्या निळ्या-हिरव्या शेवाळावर. त्याच्या पेशीत विष होतं. पेशी जिवंत असेपर्यंत ते बरंचसं आत राहतं, पण तांब्याने पेशी फुटल्या आणि ते सगळं एकदम पाण्यात उतरलं. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरली असेल, वाऱ्याने ती एका कडेला जमत असेल, तर गुरांना तिथून दूर ठेवावं आणि औषध मुळीच टाकू नये.

जलपर्णीचं प्रकरण निराळं आहे. नांदेडला गोदावरीच्या पात्रात ती पसरते, तिच्यावर मोरचुदाचा उपयोग नाही. २,४-डी सारख्या तणनाशकाने ती मरते खरी, पण काठाला कपाशी असेल तर त्याचा उडालेला तुषारही पुरतो. पानं भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात, हे आपल्या भागात अनेकांनी पाहिलं आहे. शिवाय नदीतून गावांना पिण्याचं पाणी जातं. अनुकूल हवामानात आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होणारी ही वनस्पती मुळात सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. अॅमेझॉन खोऱ्यातले तिचे नैसर्गिक शत्रू, निओचेटिना जातीचे भुंगे, १९८० च्या दशकात भारतात आणले गेले. ते तिला खातात, पण त्यांना वर्षं लागतात. यंत्राने काढणं आणि नाल्यांचं पाणी शुद्ध करून सोडणं, मला तरी नदीसाठी हाच मार्ग योग्य वाटतो. मोठ्या जलाशयाचं गणित तर एका ओळीचं आहे. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. तिथे एक पीपीएम म्हणजे २,९०९ टन.

शेततळ्यातही शेवाळाचं मूळ स्फुरदातच आहे. बांधावरून वाहून येणारं खत, तळ्याकाठी टाकलेलं शेण, माशांना जास्त पडलेलं खाद्य, हे थांबलं नाही तर महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवं होतं. पाण्याखाली वाढणाऱ्या पाणवनस्पतींसाठी गवत्या मासा (ग्रास कार्प) औषधापेक्षा चांगला. ठिबकचा प्रश्न तर पुष्कळदा पंपाचा फूटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर ठेवल्यानेच हलका होतो, कारण वरचं शेवाळही ओढलं जात नाही आणि खालचा गाळही नाही. नळ्या धुवायला क्लोरीन वापरत असाल तर सामू पाहा. सामू ८ असलेल्या पाण्यात क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जोमदार रूपात असतो. आणि ब्लीचिंग पावडर आम्लात किंवा खतात कधीही मिसळू नका. आम्लाबरोबर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

तांबं कुजत नाही, विरतही नाही. टाकलेलं मोरचूद शेवटी गाळात जाऊन बसतं. म्हणून तारीख, त्या दिवशीचं पाणी आणि टाकलेले ग्रॅम हे एका वहीत लिहून ठेवावेत. तळं कोरडं पडल्यावर गाळ शेतात टाकण्याआधी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या तपासणीत त्यातलं तांबं पाहून घ्यावं. मोसंबीच्या जुन्या बागेत बोर्डोमुळे तांबं आधीच साचलेलं असतं. तिथे हा गाळ टाकू नये, कोरडवाहू तुकड्यात पातळ पसरावा.